सही आधी, ठराव नंतर

तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर सोसायटीचा अध्यक्ष झालो आणि तो विषय मला थोडाफार समजायला लागला.

१. सत्ता डोक्यात जायला राजवाडा लागत नाही, लेटरहेड पुरतं. अध्यक्ष होऊन चार महिने झाले नसतील, मी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं काम परस्पर एका कंत्राटदाराला देऊन टाकलं. उन्हाळा तोंडावर, सभा कधी घेत बसायची? खजिनदारबाईंनी मात्र चेकवर सही करायला नकार दिला. "सर, ठराव कुठाय?" एवढंच म्हणाल्या. मी तणतणत घरी आलो, आणि खोटं वाटेल, पण मला २५ जून १९७५ची रात्र आठवली. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर त्या रात्री सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्गात हे सांगताना माझा आवाज काय चढायचा!

२. 'लेखी' हा शब्द केवढा मोठा आहे, ते तो आपल्याकडे कुणी मागितल्यावर कळतं. १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती मी पोरांकडून पाच मार्कांसाठी घोकून घेतली. आणीबाणीच्या कारणांतून 'अंतर्गत अशांतता' गेली, 'सशस्त्र बंड' आलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. संसदेची मान्यता दोनऐवजी एका महिन्यात. जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही. आता वाचतो तेव्हा ही सगळी खजिनदारबाईंचीच भाषा वाटते.

३. हुशार माणसंही मान डोलावतात. याचं मला अजून नवल वाटतं. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला, की स्थानबद्धाला आणीबाणीत सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत आमच्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. (२०१७मध्ये तो निकाल चुकीचा होता, असं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव धनंजय.) एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. पुढे सर्वांत ज्येष्ठ असूनही त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. मी त्या खंडपीठावर असतो तर? पूर्वी छातीठोक उत्तर द्यायचो. आमच्या कमिटीत टाकीचा विषय निघाला तेव्हा पाचजण गप्प होते, आणि मला ते फार आवडलं होतं. तेव्हापासून उत्तर देत नाही.

४. अडवणाऱ्याचा राग येतोच. अजूनही येतो.

टाकीचं काम शेवटी सभेपुढे गेलं. दुसरं कोटेशन स्वस्त निघालं, हे सांगायला जीभ जड होते. यंदा माझी मुदत संपतेय आणि 'सर, आणखी एकदा' असा आग्रह चालू आहे. ऐकायला गोड लागतो, नाही म्हणत नाही. पण अध्यक्षपदासाठी मी खजिनदारबाईंचं नाव लेखी दिलंय. सूचक मी. अनुमोदक अजून मिळायचाय.