पक्कड काढली, ओझे उतरले

१९७५ साली टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण एका जुन्या फियाट मोटारीतून युरोपात हिंडत होता. गाडी वरचेवर बिघडे. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. या अडचणीतून त्याने पक्कड, पाती, पेचकस आणि कानस एकत्र असलेले हत्यार तयार केले. १९८३ साली ते बाजारात आले. अशा हत्याराला मल्टिटूल म्हणतात.

आज आपण नेमके उलट करू. ज्याला पक्कड क्वचितच लागते, त्याने तिचे ओझे खिशात का वागवावे?

वजन कोठून येते?

पक्कड म्हणजे पहिल्या प्रकारच्या तरफांची जोडी. समजा, टेकूपासून ८ सेंमी. अंतरावर तुम्ही १० किलोग्रॅम भाराइतके बल लावले आणि नट टेकूपासून २ सेंमी. अंतरावर आहे. १० × ८ = ४० × २. म्हणजे नटावर ४० किलोग्रॅम भाराइतके बल पडेल आणि टेकूच्या खिळीला दोहोंची बेरीज, म्हणजे ५०, सोसावी लागेल. त्यासाठीच मुठीचे पत्रे जाड पोलादाचे असतात. पेरू कापायला याच्या अल्पांशाइतकेच बल पुरते. तेव्हा पक्कड गेली की केवळ तिचेच वजन जात नाही, जाड मुठीची गरजही जाते.

आता हिशेब पाहा. १० सेंमी. लांब, २ सेंमी. रुंद व १.५ मिमी. जाड पत्र्याचे घनफळ ३ घन सेंमी. पोलादाची घनता ७.८, म्हणून वजन २३.४ ग्रॅम. अॅल्युमिनियमची घनता २.७, म्हणून ८.१ ग्रॅम. पण अॅल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे एकतृतीयांशच असतो. यावर उपाय आहे. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.४४ चा घन जवळजवळ ३. म्हणून जाडी १.४४ पट केली की ताठरपणा पोलादाइतका होतो, आणि तरीही वजन भरते ११.७ ग्रॅम, म्हणजे बरोबर निम्मे!

कृती (शाळेच्या कार्यशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली)

१. स्क्रूने जोडलेले मल्टिटूल घ्या. रिव्हेट मारलेले नको. पात्यांना चिकटपट्टी गुंडाळा.

२. स्क्रू सोडवताना प्रत्येक भागाचा क्रम वहीत काढून ठेवा. वायसरसुद्धा विसरू नका.

३. पक्कड आणि एक मूठ बाजूला काढा. उरलेल्या मुठीत पकडीच्या जागी फट राहते. तशीच आवळली तर पत्रे आत वाकतात व पाती अडकतात. म्हणून पकडीच्या बुडाची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि तेवढ्याच लांबीचा नळीचा तुकडा तेथे बसवून त्यातून बोल्ट घाला.

४. मुठीचे पत्रे बदललेत तरी पाते उघडे धरणारी स्प्रिंग वा खटका पोलादाचाच ठेवा. अॅल्युमिनियमला तशी उसळी नसते. जोडणी झाल्यावर प्रथम पेचकस उघडून त्यावर दाब देऊन पाहा. तो मिटत असेल तर पात्याला हात लावू नका. पुन्हा उघडून दोष शोधा. मिटणारे पाते बोटावरच येते.

५. पाते सहाणयंत्रावर घासू नका. त्यावर निळी छटा आली की तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि पोलादाला दिलेले पाणी उतरले असे समजा. मग धार टिकत नाही.

अर्थात, या हत्याराने घट्ट नट सुटणार नाही. म्हणून स्क्रू सोडवण्यापूर्वी महिनाभर नोंद ठेवा: कोणता भाग किती वेळा वापरला? पकडीपुढे खुणा जास्त दिसल्या, तर मल्टिटूल आहे तसेच राहू द्या.

स्वाध्याय : टायटेनियमची घनता ४.५ आहे. वरच्याच मापाच्या पत्र्याचे वजन काढा.