विद्युत मोटारीचे फेरे व ध्रुवसंख्या कशी ओळखावी?

विहिरीवरील तीन फेजच्या मोटारीस वेग बदलणारा नियंत्रक जोडावयाचा असल्यास त्यात मोटारीचे व्होल्ट, अँपिअर, वारंवारता, फेरे व ध्रुवसंख्या, म्हणजेच पोल, हे आकडे प्रथम भरावे लागतात. अँपिअरचा आकडा जास्त भरला गेल्यास मोटारीचे संरक्षण नाहीसे होऊन गुंडाळी जळण्याचा संभव असतो. फेरे वा ध्रुव चुकल्यास नियंत्रक वेग चुकीचा दाखवितो. काही नियंत्रकांत मोटार अडखळून अधिक वीज ओढते. ऐन पाण्याच्या पाळीत मोटार बंद पडणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

हिशेब : आपल्याकडील विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने आहे. ६००० ला ध्रुवसंख्येने भागले असता चुंबकीय क्षेत्राचे मिनिटाचे फेरे मिळतात. मोटार त्याहून किंचित सावकाश फिरते.

२ ध्रुव – ३०००. प्रत्यक्ष सुमारे २८८०
४ ध्रुव – १५००. प्रत्यक्ष सुमारे १४४०
६ ध्रुव – १०००. प्रत्यक्ष सुमारे ९६०

यावरून उलट हिशेब करावा. पाटीवर १४४० फेरे असल्यास ६००० ÷ १४४० = ४.१७, त्याखालची जवळची सम संख्या ४, म्हणून ध्रुव चार. नियंत्रकात मात्र फेरे १४४० असेच भरावेत, १५०० नव्हेत.

पाटी पुसली असल्यास : मोटार नियंत्रकाविना, थेट विजेवर, नेहमीच्या भाराने चालवून तिचे फेरे टॅकोमीटरने मोजावेत. पट्ट्यावरील पंपाचे फेरे मोजल्यास पंपाच्या पुलीचा व्यास गुणून मोटारीच्या पुलीच्या व्यासाने भागावे. पंपाची पुली २० व मोटारीची १० सेंटिमीटर असून पंपाचे फेरे ७२० भरल्यास मोटारीचे सुमारे १४४० होतात. पाणबुडी मोटारीच्या पाटीवरील आकडे ती बोअरमध्ये सोडण्यापूर्वीच लिहून ठेवावेत.

सावधगिरी : अधिक पाण्याच्या लोभाने वारंवारता ५० च्या वर नेऊ नये. ती ६० केल्यास पंपाचा भार सुमारे पावणेदोन पट होतो. उलट ४० वर आणल्यास पाणी चढविण्याची उंची सुमारे ६४ टक्केच उरते. खोल विहिरीतून पाणी वर येणारच नाही. जोडणी जाणकार तारतंत्र्याकडूनच, वीज बंद करून, करवून घ्यावी. मोटार पुन्हा गुंडाळून आल्यावर ध्रुवसंख्या तीच आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी.