अश्मरीचा स्फटिक : बनतो कसा, टिकतो कशामुळे

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अश्मरीच्या उत्पत्तीस नव्या घटातील स्वच्छ जलाचा दृष्टान्त दिला आहे. कालांतराने त्याच्याही तळाशी गाळ साचतो. निर्मळ द्रवातून घन पदार्थ का वेगळा व्हावा, याचे रसायनशास्त्रीय उत्तर चिकित्सेच्या दृष्टीने जाणून घेण्यासारखे आहे.

मूत्रात कॅल्शियम व ऑक्झलेट यांचे आयन विरघळलेले असतात. त्यांचे प्रमाण विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडे गेले की मूत्र अतिसंपृक्त होते. निरोगी व्यक्तीचे मूत्रही पुष्कळदा असे असते, तरी प्रत्येकास अश्मरी होत नाही. आयन एकत्र येऊन जो सूक्ष्म पुंज होतो, त्यातील बहुतेक आयन पृष्ठभागावरच असतात. त्यांना सर्व बाजूंनी विरुद्ध भाराचे शेजारी लाभत नाहीत, म्हणून तो पुंज पुन्हा विरघळतो. विशिष्ट आकार ओलांडल्यावर मात्र अंतर्भागातील बंधांचे बळ वरचढ ठरते आणि स्फटिक वाढू लागतो. तयार पृष्ठभाग मिळाल्यास हा प्रारंभ सुलभ होतो. वृक्कातील पॅपिलांवर कॅल्शियमचे असे थर अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले. याउलट सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते, तसेच स्फटिकाच्या पृष्ठावर बसून वाढ रोखते.

आता क्षारप्रयोगाविषयी. अश्मरी म्हणताच यवक्षार लिहिण्याची आपल्यातील अनेकांची सवय मला मान्य नाही. मूत्राचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली असता युरिक अॅसिडचे रेणू भाररहित राहतात, हायड्रोजन बंधांनी परस्परांशी जखडतात व अल्पविद्राव्य ठरतात. मूत्र ६.५ च्या आसपास आणल्यास रेणूंवर ऋण भार येतो आणि असा खडा विरघळूही शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा मात्र पीएच बदलल्याने विरघळत नाही. जंतुसंसर्गजन्य खड्यात तर स्थिती उलट असते. प्रोटियससारखे जंतू युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. मूत्र क्षारधर्मी होते आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचे स्फटिक त्यातच वाढतात. तेथे क्षार देणे म्हणजे व्याधीस साहाय्यच होय.

म्हणून औषधयोजनेपूर्वी मूत्राचा पीएच व जंतुपरीक्षण पाहावे. पडलेला खडा फेकू न देता पृथक्करणास पाठवावा. मूत्राचे दैनिक प्रमाण अडीच लिटर राहील इतके जलपान सर्वच प्रकारांत, अवरोध नसता, हितकर आहे. दूध सरसकट वर्ज्य करू नये, कारण आहारातील कॅल्शियम आंत्रातच ऑक्झलेटला बांधते. ज्वर, शीतकंप व मूत्रावरोध एकत्र दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.