पाना उचलण्याआधी

पोरांनो, दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर रायफल हातात आली की थोड्याच दिवसांत पानाही हातात येतो. येऊ दे. आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणलं. रायफल नेमबाजीत ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढ्या बारीक मापाचा खेळ खेळायचा तर आपली रायफल आपल्याला ओळखता आलीच पाहिजे. मात्र एक नियम पक्का धरा: जे बदललं तरी पुन्हा पहिल्यासारखं करता येतं, ते स्वतः करा; जे परत फिरवता येत नाही, ते परवाना असलेल्या कारागिराकडं न्या.

कुठल्याही कामाआधी बोल्ट काढा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा.

नळी स्वतः साफ करा, पण सळई चेंबरकडूनच घाला, गाइड लावून. नळीतून सुटताना गोळी शेवटची टेकते ती नळीच्या तोंडाच्या कडेला. तिथं सळई घासून ओरखडा पडला तर नेम कितीही चांगला असो, गोळ्या विखुरतात. काम झालं की हात साबणानं धुवा. शिसं पोटात जाता कामा नये.

गालपट्टी, बट प्लेट, साइट हलवण्याआधी जुनी खूण वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा आणि गट, म्हणजे एकाच नेमावर लागोपाठ काही गोळ्या, मारून बघा. दोन बदल एकदम केलेत तर फरक कशानं पडला ते कळत नाही. दस्त्याचे स्क्रू अंदाजानं आवळू नका. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा बघून टॉर्क पान्यानंच आवळा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत कोंडून ठेवू नका. फोम ओल धरतो आणि लोखंडाला गंज चढतो. एअर रायफलीच्या हवेच्या वाटेत तेल घालू नका, दाबाखाली ते पेटू शकतं. हवेच्या सिलिंडरची मुदत संपली की तो भरू नका, उघडूही नका.

आता कारागिराकडं न्यायची कामं. ट्रिगरचे आतले भाग, फायरिंग पिन, नळीचं तोंड, नळीत अडकलेली गोळी: इथं हात लावू नका. ट्रिगरच्या आतली पकड कानशीनं घासली की नुसता बोल्ट मिटतानाही बार उडू शकतो, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही.

आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर केसाइतकं माप धरणारे हात आहेत. त्यांच्याकडून स्टँड करून घ्या, साफसफाईचा आधार करून घ्या. रायफल तिथं नेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्यानं शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, नळी आखूड करायलाही लागतो. बंदुकीवरचा नंबर खोडणं गुन्हा आहे.

कारागिराकडं जाताना आपला परवाना आणि मारलेली टार्गेटं न्या. 'नीट चालत नाही' एवढंच सांगू नका. बिघाड कधी होतो, किती बारांनंतर होतो, ते लिहून द्या. त्याचा परवाना बघा. पावतीवर रायफलीचा नंबर आणि केलेलं काम लिहून घ्या, काढलेला जुना भाग मागा. परत आणल्यावर लगेच स्पर्धेत उतरू नका. आधी रेंजवर ओळखीच्या गोळ्यांनी गट मारा, वहीतल्या जुन्या गटाशी ताडून बघा, आणि पटलं तरच पैसे सार्थकी लागले म्हणा.