स्लिपची उजवी बाजू

नागपूर,
११ जानेवारी २०२६

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

डिसेंबरच्या सॅलरी स्लिपचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, "मामा, पगार ४०,००० आणि हातात ३७,९७५. काहून कापतात एवढे? ऑफिसात म्हणतात पगार वाढला की कपात आणखी वाढते, मग वाढून उपयोग काय?" असले आकडे फोनवर सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून लिहून पाठवतो. माझी उभी नोकरी हिंगणा एमआयडीसीत पगारपत्रकं करण्यात गेली. हा प्रश्न मला तिथल्या खिडकीवर दर महिन्याला कोणी ना कोणी विचारायचंच.

स्लिपच्या डाव्या बाजूला मिळकत असते. ती सगळे वाचतात. उजव्या बाजूला कपात असते, आणि तिथल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे: कशावर कापली, किती दराने, आणि कुठे थांबते? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरी गंमत त्यातच असते.

पीएफ घे. बारा टक्के हे सगळ्यांना पाठ. पण कशाच्या बारा टक्के? बेसिक आणि डीएच्या. घरभाडं त्यात येत नाही. तुझं बेसिक २२,०००, त्याचे बारा टक्के २,६४० होतात. कापलेत मात्र १,८००, कारण कायद्याने सक्ती फक्त १५,००० पर्यंतच्या वेतनावर आहे. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ती ६,५०० होती. तुझी कंपनी मर्यादेवर थांबते आणि तिच्याकडचेही १,८०० घालते. नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असं त्यात आहे. तुझे भत्ते १८,००० म्हणजे निम्म्याच्या आतच, तेव्हा त्या गडबडीत तू पडू नकोस.

एक गोष्ट एचआरनं तुला बहुतेक सांगितली नसेल. ज्याचं वेतन १५,००० आहे, त्याच्या नावे कंपनी घालते त्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. तू पहिल्यांदाच नोकरीला लागलीस तीच १५,००० च्या वरच्या वेतनावर, त्यामुळे पेन्शन योजनेत तुला प्रवेश नाही. तुझे दोन्हीकडचे मिळून ३,६०० सरळ पीएफमध्ये जमतात. यात तोटा झाला असं मला वाटत नाही. त्या पेन्शनचा हिशेब म्हणजे सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पूर्ण १५,००० धरून तीस वर्षं राबलं तरी महिन्याला सात हजारांच्या आतच. किमान पेन्शन १,००० रुपये. बुलढाण्याला पेन्शनर म्हातारे साखळी उपोषणाला बसले होते ते याच आकड्यांसाठी. मीही त्याच योजनेतला, आणि माझी पेन्शन किती येते हे तुझ्या आईला विचार, ती हसेल. तेव्हा म्हातारपणाची सोय तुझी तुलाच लावायची आहे. मर्यादेवर न थांबता पूर्ण २,६४० कापून घेता येतील का, हे एचआरला लेखी विचार. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. पगार वाढला की कपात वाढते का?

तुमच्या मजल्यावर हाउसकीपिंगचा एक मुलगा असेल. त्याची मजुरी १५,००० धर. त्याचे पीएफचे १,८००, ईएसआयचे, म्हणजे कामगार विमा योजनेचे, पाऊण टक्क्याने ११३, प्रोफेशनल टॅक्सचे २००. एकूण २,११३, म्हणजे शेकडा १४. तुझे पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स मिळून २,०००, म्हणजे शेकडा ५. आणि तुझ्या साहेबांचा पगार दोन लाख असेल, तेही पीएफच्या मर्यादेवरच थांबत असतील, तर त्यांचेही तेच २,०००. शेकडा १! इन्कम टॅक्स सोडला तर आपल्याकडे कपातीचा उतार असा खाली आहे. टक्केवारी सर्वांना सारखी, पण वर झाकण असल्यामुळे मोठ्या पगाराला ती चाटूनसुद्धा जात नाही. त्या मुलाच्या जागी बाई असती तर तिचे २०० तरी वाचले असते, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना प्रोफेशनल टॅक्स नाही.

ब्राझीलमध्ये हे उलट करून पाहिलंय. तिथे मार्च २०२० पासून सामाजिक सुरक्षेची कपात टप्प्याटप्प्याने चढते: साडेसात, नऊ, बारा, चौदा टक्के. वरचा दर फक्त वरच्या टप्प्यात पडलेल्या रकमेला लागतो, सगळ्या पगाराला नाही. झाकण तिथेही आहे, पण त्याच्या आतला चढ गरिबाला सांभाळून घेतो. आपल्याकडे हा प्रकार फक्त इन्कम टॅक्समध्ये आहे. नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के. तुझे वर्षाचे ४,८०,००० होतात. त्यातून ७५,००० ची सरसकट वजावट गेली की उरतात ४,०५,०००. पाच टक्के कशावर? चार लाखांच्या वरच्या पाच हजारांवर. झाले २५० रुपये, आणि १२ लाखांच्या आत असल्यामुळे तेही माफ. "स्लॅब बदलला म्हणून पगार कमी झाला" असं कॅन्टीनमध्ये कोणी म्हणालं तर त्याला हे गणित दाखव.

मात्र काही ठिकाणी टप्पा नसतो, सरळ पायरी असते, आणि तिथे माणूस खरोखर अडखळतो. ईएसआयची पायरी २१,००० ला आहे, पगार त्याच्या वर गेला की माणूस योजनेच्या बाहेर. आमच्याकडे एक फिटर होता, पगार २०,६००. एप्रिलपासून सगळ्यांना ६०० रुपये वाढ ठरली आणि हा माझ्या टेबलाशी येऊन उभा. म्हणतो, "साहेब, मले वाढ नको." बायकोचे उपचार सोमवारीपेठेच्या ईएसआय दवाखान्यात चालू होते. महिन्याला १५५ रुपये कटत होते आणि त्यात सगळं घर सांभाळलं जात होतं. ६०० रुपयांत बाहेरच्या डॉक्टरची एक फेरीही झाली नसती. या योजनेत वर्षाचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भाग सुरू होताना तू २१,००० च्या आत असलीस, तर मध्येच पगार वाढला तरी तो भाग संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि तिच्यावरचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो. म्हणजे वाढ एप्रिलऐवजी मेपासून दिली की झालं! मालकाला समजावलं, त्याने मान्य केलं. एका महिन्याच्या ६०० रुपयांवर पाणी सोडून त्या घराला वर्षभराची उसंत मिळाली. पगारवाढीची तारीख हीसुद्धा पगाराचाच भाग असते, हे त्या दिवशी सगळ्या खात्याला कळलं.

नागपुरात ईएसआय आली १९५४ साली, मुंबईच्याही आधी. तेव्हा हे गिरणी कामगारांचं शहर होतं. जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलमध्ये तर १८८० च्या दशकातच कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला होता, तेव्हा देशात असा कुठला कायदाच नव्हता. आज त्या गिरणीच्या जागी मॉल आहे, आणि तू तिथे सिनेमा पाहायला जातेस. जा, माझी हरकत नाही.

प्रोफेशनल टॅक्सवर तू फार चिडलीस. नोकरी करण्याचा कसला कर, म्हणालीस. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव कामं काढायची होती. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेल्या रोजगार हमी योजनेला पैसा लागत होता, आणि त्यासाठी १९७५ साली महाराष्ट्राने शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला. गावातल्या मजुराच्या कामासाठी शहरातल्या पगाराचा एक तुकडा. मला ही कल्पना आजही पटते. खटकते ती त्याची पायरी: पुरुषाला १०,००१ वरही २०० आणि लाखावरही २००. डिसेंबरातले २५ रुपये कामगार कल्याण निधीचे आहेत. ते जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये कटतात, कंपनी तिचे ७५ घालते. कामगार कल्याण केंद्रातली नाटकं त्यातूनच होतात. तुझ्या आजोबांनी एकदा तिथल्या नाट्यस्पर्धेत म्हाताऱ्या पोस्टमनचं काम केलं होतं.

आता कामाचं. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, आयुष्यभर एकच ठेव. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळवून घे. पाच वर्षांच्या आत काढलं तर त्यावर कर लागतो आणि व्याजावरचं व्याजही बुडतं. कापलेले पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर कापलेले दिसतात म्हणजे भरले असं नाही, तेव्हा १५ नंतर पासबुक उघडून पाहायची सवय लाव. दोन महिने नोंद दिसली नाही तर आधी एचआरला मेल, मग रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात तक्रार. आणि ई-नॉमिनेशन याच आठवड्यात भर. पीएफसोबत विमाही असतो, त्याचे पैसे कंपनी भरते, पण वारसाचं नाव नसलं की घरच्यांच्या चपला झिजतात.

फेब्रुवारीच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० दिसेल. तेव्हा घाबरून फोन करू नकोस. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे मिळून वर्षाचे २,५०० होतात. घटनेने याहून जास्त घ्यायला राज्याला मनाई केली आहे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा