अळवावरचें पाणी

क्षणभंगुर गोष्टीस 'अळवावरचें पाणी' म्हणण्याची आपली जुनी चाल आहे. पान जरा कललें कीं थेंब घरंगळून गेलाच! परंतु तो जातांना पानावरची धूळही घेऊन जातो, ही गोष्ट मात्र म्हणींत राहून गेली.

विद्यार्थिमित्रहो, परसांतील अळवाच्या एका पानावर खडूची थोडी पूड टाका व वरून पाण्याचे चार थेंब सोडा. पान तोडूं नका. त्याचें कारण शेवटीं सांगतों, आणि चिकानें हात खाजतील तें वेगळेंच. थेंब मोत्यांसारखे गोल राहून घरंगळतील व पूड त्यांच्याबरोबर जाईल. आतां पानाचा अर्धा भाग बोटानें चांगला चोळा व पुन्हा पाणी टाका. तेथें तें पसरून बसेल.

या चमत्काराचें मर्म जर्मनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनीं उकलिलें. १९७० नंतरच्या दशकांत ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं नाना जातींचीं पानें तपाशीत होते. गुळगुळीत पानें पाहण्यापूर्वीं धुवावीं लागत. कित्येक खडबडीत पानें मात्र आधींच स्वच्छ असत! आपली समजूत याच्या अगदीं उलट. कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात, व त्यांवर त्याहून कितीतरी बारीक अशा मेणाच्या नळ्या असतात. थेंब केवळ त्यांच्या टोंकांवर टेकतो. खालीं हवा राहते. धूळही टोंकांवरच टेकलेली असल्यामुळें ती पानास सोडून पाण्यास चिकटते. अळवाची रचना याच जातीची. कमळाविषयींचा त्यांचा निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९९९ सालीं याच तत्त्वावरचा, घराच्या बाहेरील भिंतींना देण्याचा रंग विक्रीस आला. पावसानेंच भिंत धुतली जावी, साबण व श्रम वाचावे, हा त्यांतील हेतु.

हें ऐकून कोणासही आनंद होईल. मला मात्र तें चोळलेलें अर्धें पान आठवतें. कित्येक वनस्पति झिजलेलें मेण पुन्हा तयार करितात. भिंतीवरचा रंग झिजला तो झिजला. शिवाय पाणी न धरणारें कापड व कागद करण्यासाठीं मनुष्यानें अनेक वर्षें फ्लोरीनयुक्त रसायनें वापरलीं आहेत, व त्यांपैकीं कित्येक नदींत वा मातींत गेलीं कीं कुजतच नाहींत. पान आपलें मेण ऊन, हवा व पाणी यांच्या बळावर करितें, आणि गळल्यावर त्या मेणासकट मातीस मिळतें. आपण त्याचा पृष्ठभाग तेवढा उचलला. तें कशाचें झालें आणि शेवटीं कोठें गेलें, हें पाहिलें नाहीं. अलीकडे मधमाशांचें मेण व एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील मेण घेऊन असे लेप करण्याचे प्रयोग चालले आहेत. त्यांची मोठी अडचण एकच: चोळलें कीं ते जातात.

पान तोडूं नका म्हटलें तें एवढ्यासाठींच. त्यास खूण म्हणून दोरा बांधा, आठ दिवसांनीं चोळलेल्या भागावर पुन्हा पाणी टाका, आणि कोवळ्या व जून पानांत कांहीं फरक दिसतो का, तें वहींत टिपून वर्गांत घेऊन या.