सुरतेहून परभाषेकडे : प्रौढ विद्यार्थ्याने कोणती भाषा निवडावी?

प्रौढ वयात परभाषा शिकायला निघालेला माणूस बहुधा दोन प्रश्न विचारतो. सोपी कोणती? आणि स्कोप कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण अर्धेच आहेत. सोपी कोणाला, कुठल्या भाषेकडून निघाल्यावर? आणि वाव कोणत्या कामाला? सुरतेतल्या मराठी भाषकांना याबाबत सल्ला देण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. तिथल्या पंचविशी-तिशीतल्या माणसाला दिवसाकाठी जेमतेम एक तास मोकळा मिळतो आणि वर्गाची फी पगारातून जाते. निवड चुकली तर दोन वर्षे आणि साठवलेली रक्कम दोन्ही जातात.

याबाबत आमच्याच शहरातला एक जुना दाखला मला बोलका वाटतो. आंक्तील-द्युपेरों या फ्रेंच तरुणाने १७५४ साली पॅरिसमध्ये अवेस्ता लिपीतल्या काही पानांची नक्कल पाहिली. मूळ पोथी ऑक्सफर्डला होती, पण युरोपात ती वाचू शकणारा कोणी नव्हता. ती भाषा शिकायची असे त्याने तिथेच ठरवले. १७५५ मध्ये तो पाँडिचेरीला उतरला आणि बरीच पायपीट करून, वाटेत वेरूळची लेणी पाहून, १७५८ मध्ये सुरतेस पोहोचला. इथे पारशी धर्मगुरू दस्तूर दाराब यांच्याकडे तो १७६१ पर्यंत शिकला. व्याकरणाचे पुस्तक नाही, कोश नाही. तरीही तीन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. काय वाचायचे ते आधीच ठरलेले होते. शिकवणारा त्याच शहरात होता. आणि गुरू-शिष्य दोघांनाही येणारी एक मधली भाषा होती, ती म्हणजे फारसी.

१७७१ मध्ये त्याचा अनुवाद तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात चुका पुष्कळ होत्या, आणि त्यांचे एक मोठे कारण हीच मधली भाषा. अर्थ परंपरेतून फारसीत आणि फारसीतून फ्रेंचमध्ये असा गाळत गाळत येत होता. पुढे १८३३ च्या सुमारास बुर्नूफ या फ्रेंच पंडिताने यस्नाचा अभ्यास करताना पारशी पंडित नेर्योसंग याचे जुने संस्कृत भाषांतर हाती घेतले आणि वैदिक संस्कृतशी ताडून पाहिले. तेव्हा कितीतरी गाठी सुटल्या. अवेस्तेतला 'हप्त' आणि संस्कृतातला 'सप्त', 'हओम' आणि 'सोम' यांचे नाते संस्कृतच्या बाजूने आलेल्याला लगेच दिसते. म्हणजे भाषा कोणती यापेक्षा तिच्याकडे कोणत्या भाषेतून जायचे, हा प्रश्न कमी महत्त्वाचा नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही. पाठ्यपुस्तके इंग्रजीतून, शिकवणे इंग्रजीतून, आणि अवघड-सोपे यांचे मापही इंग्रजीचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी केलेली एक वर्गवारी सगळीकडे फिरते. तीत जपानी, चिनी, कोरियन आणि अरबी या भाषांना वर्गातले सुमारे २२०० तास धरलेले असतात, तर फ्रेंच-स्पॅनिशला साधारण त्याचा तिसरा हिस्सा. ही वर्गवारी प्रामाणिक आहे, पण ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांच्यासाठी. लिंबायतच्या मुलीने ती आपल्याला लावून का घ्यावी?

जपानीच घ्या. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामामागे लागणारे प्रत्ययासारखे शब्द, आणि प्रश्न करायचा तर वाक्याअखेर 'का'! 'येता का?' याला जपानीत 'किमासु का?' म्हणतात. आपल्या 'चा-ची-चे'चे काम तिथे एकटा 'नो' करतो. 'मीही' मधल्या 'ही'च्या जागी 'मो' येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला वाक्य उलटे करावे लागते, मराठी माणसाला ते जवळपास सुलटेच मिळते. काना अक्षरांचा क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे : अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न अशा ओळी. भारतीय वर्णक्रम बौद्ध अध्ययनाबरोबर तिथे गेला त्याची ही खूण. अर्थात कांजीचा डोंगर कोणालाच चुकत नाही. नित्य वापराच्या सरकारी यादीतच २१३६ चिन्हे आहेत.

जर्मनचे 'देर, दी, दास' ऐकून वर्गात पहिल्या आठवड्यात घबराट होते. वास्तविक तो-ती-ते आपल्या तोंडी जन्मापासून आहे, गुजरातीतही तीन लिंगे आहेत. जुळणी मात्र होत नाही : चंद्र तिकडेही पुल्लिंगी, सूर्य मात्र स्त्रीलिंगी. मूल दोन्हीकडे नपुंसक. पाठांतर करावेच लागते, पण निर्जीव वस्तूला लिंग असते हे आपल्याला पटवून द्यावे लागत नाही. उच्चाराचेही तसेच. जर्मन 'झेड'चा उच्चार शिकवताना पुस्तक अर्धे पान खर्च करते. मराठी विद्यार्थ्याला 'चाक' मधला 'च' म्हणा एवढे सांगितले की पुरे. 'चहा' मधला नव्हे. चिनी भाषेच्या रोमन लिपीत 'बी' आणि 'पी' लिहितात तेव्हा प्रत्यक्षात आपले 'प' आणि 'फ' यांच्यातला, म्हणजे अल्पप्राण-महाप्राणाचा, भेद असतो. इंग्रजीच्या कानाला तो निसटतो, आपल्याला बालवाडीपासून येतो. चार सूर मात्र नव्याने शिकावे लागतात.

एवढे झाल्यावर कामाचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या नातेवाइकांमार्फत जर्मनची चर्चा सुरतेतही पोहोचली आहे. जीएनएम झालेल्या एका परिचारिकेने मला विचारले, "सर, जर्मन घेऊ का जपानी? जपानीला एन-४ पुरते म्हणतात, जर्मनला बी-२ लागते." तिची माहिती बरोबर होती. जपानशी २०२१ मध्ये झालेल्या करारातून शुश्रूषेच्या कामाला जायचे तर एन-४ च्या आसपासची परीक्षा आणि त्या कामाच्या शब्दांची वेगळी चाचणी द्यावी लागते. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे बी-२, आणि तिथवरचा रस्ता बराच लांब. मी तिला एवढेच विचारले, "ताई, तिथे गेल्यावर तुमच्या जीएनएमचं काय होणार?" जपानच्या त्या योजनेत ती सेवक म्हणून जाणार होती, परिचारिका म्हणून नव्हे. जर्मनीत तिचे शिक्षण तपासून, उणे भरून काढून, तोच पेशा पुढे चालू शकतो. तिने लांबचा रस्ता घेतला. पदवी नसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला मी जपानीच सुचवले असते.

हिऱ्याच्या धंद्यात गंमत वेगळी. अँटवर्पला माल जातो म्हणून डच शिकावी का, असे विचारणारे भेटतात. त्या बाजारात इंग्रजी आणि गुजरातीवर व्यवहार चालतात, आणि सौदा पक्का करायचा तो 'मझाल' या हिब्रू शब्दाने. डच लागते ती तिथे बिऱ्हाड करून मुलांना शाळेत घालणाऱ्याला. कतारगामच्या घंटीवर बसणाऱ्या कारागिराचा हिरा परदेशी जातो, तो स्वतः जात नाही.

निवृत्तीनंतर शिकणाऱ्यांना मी फारसी सुचवतो, विशेषतः इतिहासाची आवड असेल तर. अर्ज, जबाब, दरबार, फर्मान, हजर हे शब्द आधीच घरात आहेत, नामांना लिंग नाही, आणि सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांतून मराठीत काय काय आणले ते डोळ्यांसमोर आहे. लिपीला महिना-दोन महिने द्यावे लागतात.

उधन्यातल्या एका लूम मेकॅनिकला चिनी शिकायची होती. त्याच्या खात्यातली यंत्रे चीनची, पॅनलवर चिनी चिन्हे. त्याला बोलायचे कोणाशीच नव्हते, वाचायचे होते. म्हणून सूर बाजूला ठेवले आणि पॅनलचे फोटो काढून चिन्हांची वही केली. ताण्याचे आणि बाण्याचे चिन्ह शेजारी शेजारी लिहिल्यावर त्याच्याच लक्षात आले की दोन्हींच्या डाव्या अंगाला एकच खूण आहे. ती रेशमाच्या धाग्याची. त्याच दोन चिन्हांनी चिनी नकाशावर रेखांश आणि अक्षांश लिहितात हे सांगितल्यावर तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे उभा धागा, आडवा धागा." त्याची वही आता सत्तर चिन्हांपर्यंत आली आहे.